राबाचा धूर

आमच्या कॉलनीच्या मागे नाल्याला लागून एक भिंत आहे. मे महिना लागला की तिच्या कडेला साठलेला पालापाचोळा कोणीतरी पेटवून देतं. कोण, ते आजवर कळलेलं नाही. सोसायटीच्या बैठकीत दरवर्षी त्यावरून भांडण होतं आणि चहा पिऊन मिटतं. धूर वर आला की बायको धडाधड खिडक्या लावून घेते आणि मी बाल्कनीत जाऊन उभा राहतो. "लोक सकाळी मोकळी हवा खायला बाहेर पडतात, तू धूर खायला," असं ती म्हणते. कारण तिला ठाऊक आहे, म्हणून त्याहून जास्त काही म्हणत नाही.

या वर्षीही तो वास आला. त्याच दिवशी आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर निरोप आला की रविवारी सकाळी गिरणारे, वाघेरा, हरसूल अशी फेरी आहे, कोण कोण येणार? भराभर अंगठे वर झाले. मी फोन पालथा घालून वह्या तपासायला बसलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तपासायला वह्या नसतात, हे बायकोच्या लक्षात आलं असणारच.

मी शाळेत मराठी शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

सायकल मी चाळिशी उलटल्यावर घेतली. रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्याचा मला कंटाळा, म्हणून सायकल. सुरुवातीला गंगापूर धरणापर्यंत जाऊन यायचो आणि दिवसभर लंगडायचो. मग शकीलभाई भेटला. सातपूरला एका कारखान्यात लेथवर काम करणारा हा माणूस सायकलची चेन कानानं तपासतो. माझी सायकल बघून म्हणाला, "सर, गाडी अच्छी है, चालवणारा थोडा टाइट करावा लागेल." त्यानं मला पश्चिमेचे डोंगर दाखवले. गिरणारे सोडलं की द्राक्षबागा मागे पडतात, रस्ता अरुंद होतो आणि एकदम झाडी सुरू होते. साग, ऐन, मोह, मध्येच रस्त्याकडेला करवंदीच्या जाळ्या. वाघेऱ्याचा घाट चढताना पुढच्या चाकाखेरीज काही दिसत नाही. माथ्यावर पोचलं की घाम डोळ्यांत उतरलेला असतो आणि त्यातून डोंगरांच्या रांगा दिसतात, एकामागे एक, शेवटची आकाशात मिसळलेली. खाली उतरताना ब्रेकच्या रबराचा वास येतो. मोहाखालून गेलं तर गोडसर, आंबूस वास येतो. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला इतका आनंद फुकट मिळतो याचं मला तेव्हा फार अप्रूप होतं.

आणि मला बोलायची सवय. माथ्यावर सगळे पाणी पीत बसले की माझा तास सुरू व्हायचा. हा वाघेरा किल्ला, तिकडे खैराई, सुरतेहून खजिना लादलेली घोडी याच डोंगररांगांच्या आसऱ्यानं आली असणार, इथल्या वाटा घोड्यांच्या टापांनी घासलेल्या आहेत वगैरे. लोक ऐकायचे, कारण धापा टाकणाऱ्या माणसाला उठून जाता येत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी या झाडीतून कोण गेलं ते मी घडाघडा सांगायचो. आज त्या झाडीत कोण राहतं, काय पेरतं, काय खातं, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात, मी सायकलवरून हाकत होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका सकाळी आम्ही घाट उतरलो. मी आणि शकीलभाई पुढे, बाकीचे मागे रेंगाळलेले. एका वळणानंतर डाव्या हाताला, उतारावर, धूर दिसला. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर जमिनीचा एक चौकोन धुमसत होता. त्यावर फांद्या, पाला, गवत पसरलेलं होतं आणि कडेनं ज्वाळांची बारीक रेघ हळूहळू पुढे सरकत होती. मागे ऐनाची झाडं उभी होती, फांद्या छाटल्यामुळे पार बोडकी. आणि त्या विस्तवाशी, हातात हिरवी डहाळी घेऊन, गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली एक म्हातारी बसली होती.

माझं डोकं तडकलं. वणव्यांचे फोटो त्या महिन्यात रोज फोनवर येत होते. मी सायकल आडवी टाकली आणि बांधावरून उतरलो. "अहो बाई, काय चाललंय हे? जंगल पेटवताय?"

ती उठून उभी राहिली. माझ्या हेल्मेटकडे, काळ्या चष्म्याकडे बघत म्हणाली, "राब आहा, बाबा. राब."

मी मराठीचा मास्तर. शब्द कानावर पडला की त्याची फोड करायची खोड. मला वाटलं, म्हातारी म्हणतेय, राबतेय, कष्ट करतेय. आणि मला त्यावर उत्तरही सुचलं, तेही यमक-बिमक साधल्यासारखं. "राबा हो, जरूर राबा! पण जंगल जाळून राबू नका!"

तोवर मागची मंडळी येऊन पोचली होती. कोणीतरी हसलं, कोणीतरी "वा सर" म्हणालं. एकानं फोन काढून चित्रण सुरू केलं. समोर श्रोते आणि फोन असल्यावर मास्तर थांबतो थोडाच? करंजाच्या सावलीत पाण्यानं भरलेले दोन हंडे ठेवलेले होते. मी त्यातला एक उचलला. शकीलभाई वरून ओरडला, "सर, रुको ना. मावशी काय म्हणते ते तरी ऐका." मी म्हणालो, "ऐकत बसलो तर डोंगर बोडका होईल."

"भिजवू नको रे बाबा," एवढंच ती म्हणाली. मी एक हंडा ओतला. दुसरा आमच्यातल्या दोघांनी मिळून ओतला. चर्र आवाज झाला, पांढरी वाफ उठली, राखेचा चिखल माझ्या बुटांवर उडाला. ती भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. रिकामे हंडे उचलून एकात एक घातले आणि आमच्याकडे न बघता उतारानं खाली गेली. तेव्हा मला वाटलं, ओशाळली.

मी सायकलवर बसलो तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की पुढचा चढ कधी आला आणि संपला कळलंच नाही. हे वाक्य लिहितानाही माझे कान तापतात.

ते चित्रण संध्याकाळपर्यंत नाशकात फिरलं. मावशीचा चेहरा त्यात स्वच्छ दिसत होता. ग्रुपनं रविवारी माझा सत्कार केला, शाल, नारळ आणि तुळशीचं रोप दिलं. माझं वाक्य छापून टी-शर्ट निघाले, हिरव्या रंगाचे. शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला परिपाठात उभं केलं आणि मी मुलांना सगळं रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. त्या वाजवणाऱ्यांत आमचे चित्रकलेचे भोये सरही होते.

भोये सर सुरगाण्याकडचे. कमी बोलणारा माणूस. मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी डबा घेऊन बसले आणि म्हणाले, "सर, एक विचारू? खाली शेण पसरलेलं होतं का?"

मी म्हटलं, "असेल. राखेत गोवऱ्यांसारखं काहीतरी होतं खरं."

"आणि पाल्यावर माती भुरभुरवलेली?"

"हो, होती वाटतं."

"जाळ हळूहळू सरकत होता? वाऱ्याच्या उलट्या अंगानं लावलेला?"

मी घास हातात धरून थांबलो. ते म्हणाले, "मग तो राब होता, सर. आमच्याकडे भाताचं आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप त्यात टाकतात. जागा भाजून घेतली की गवताचं बी मरतं, रोप जोमानं येतं. माझी आई आत्ताआत्तापर्यंत करायची." मग भाजीचा डबा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "घ्या ना. मेथी आहे."

मी विचारलं, अर्धा भाजलेला, भिजलेला राब पुन्हा पेटवता येतो का? ते म्हणाले, पाला वाळलेला असला तर येतो. पण ओल्या शेणाचा गोळा झाला की कठीण. फांद्या आधीच तोडून वाळवत ठेवलेल्या असतात, शेण उन्हाळाभर साठवलेलं असतं. मे सरता सरता ते पुन्हा कुठून आणायचं? आणि हंडे कशाला होते तिथे? त्यावर भोये सर म्हणाले, "आग झाडांकडे सरकली तर मारायला. पाणी जवळ ठेवल्याशिवाय कोणी राब पेटवत नाही."

म्हणजे जंगल वाचवायचं पाणी होतं ते. आणि मे महिन्यात त्या डोंगरात दोन हंडे पाणी म्हणजे किती पायपीट, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. वाटेतल्या झऱ्यांवर हंड्यांच्या रांगा आम्हीच पाहिल्या होत्या, त्यांचे फोटोही काढले होते.

त्या दिवशी घरी जाऊन शब्दकोश उघडला. 'राबणे' हा शब्द त्या पानावर मी कित्येकदा पाहिलेला, त्याखाली पेन्सिलीनं रेघही मारलेली. त्याच पानावर, थोडा वर, 'राब' होता, अर्थासकट. दोन्हींचं नातं आहे की नाही ते सांगायला मी भाषाशास्त्रज्ञ नाही. पण वीस वर्षं त्याच पानाकडे बघून वरचा शब्द न वाचणाऱ्याला काय म्हणायचं ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. शहाण्याला शब्दाचा मार, ही म्हण मी दरवर्षी आठवीला शिकवतो. मार मला बसला, शहाण्याचं मात्र जुळत नाही.

माणूस लाजेतून सुटायला काय काय करतो! राबासाठी झाडं छाटावी लागतात, त्यानं जंगलाचं नुकसान होतं, असं म्हणणारे जाणकार आहेत, हे मी शोधून काढलं. दोन लेख वाचले, तीन दिवस बरं वाटलं. चौथ्या दिवशी बायकोला ते ऐकवायला गेलो. ती कणीक मळत होती. "मग हे सगळं तिला पाणी ओतायच्या आधी विचारलं होतंस का?" म्हणाली. पुन्हा त्या लेखांना मी हात लावला नाही. झाडांचा प्रश्न खरा असेलही. मी तो विचारायला गेलोच नव्हतो, मी टाळ्या घ्यायला गेलो होतो.

टी-शर्टाचं सत्य ग्रुपला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत पावसाळा आला.

आषाढात ग्रुप पुन्हा त्याच रस्त्यानं निघाला आणि मीही गेलो. घाटात ढग इतके खाली होते की पुढच्या माणसाचा लाल दिवा तेवढा दिसायचा. उतरल्यावर एकदम उघडलं. सगळीकडे आवणी चालली होती. प्लास्टिकचे कागद डोक्यावरून घेतलेल्या बायका गुडघाभर चिखलात ओणव्या होऊन रोपं लावत होत्या, एकीकडून गाणं, एकीकडून हसणं. हिरवा रंग इतका कोवळा की बघवत नव्हता. ते वळण आलं. मावशीची तीन खाचरं होती. दोन लावून झालेली, रोपं विरळ, पिवळट. तिसऱ्यात नुसतं पाणी साचलेलं होतं आणि कडेनं गवत. आजूबाजूला एवढं हिरवं असताना ते एकच खाचर आभाळ दाखवत पडलेलं होतं.

शकीलभाईनं वेग कमी केला. "सर, उतरायचं?"

"परतताना बघू," मी म्हणालो.

परतीचा रस्ता त्र्यंबकवरून होता. हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. त्र्यंबकला चहा पिताना त्यानं माझ्या कपाला कप लावला नाही एवढंच. एरवी तो नेहमी लावतो.

त्या एका वाक्याची मला हंडे ओतल्याहून जास्त लाज वाटते. हंडे अज्ञानानं ओतले होते. "परतताना बघू" मी सगळं कळून म्हणालो होतो.

वर्षभर ते रिकामं खाचर अधूनमधून समोर यायचं. भात वाढून घेताना यायचं, व्याकरण शिकवतानाही यायचं. शेवटी गेल्या वर्षी मे महिन्यात मी एकटाच निघालो, कोणाला न सांगता. हिरवा टी-शर्ट कपाटाच्या तळाशी ठेवून साधा पांढरा सदरा घातला. वाघेऱ्याचा घाट चढताना मनात वाक्य जुळवत होतो. "मावशी, माझ्याकडून चूक झाली." छे. या वाक्यात चूक आपली आपणच होते, करणारा बाजूला उभा राहून बघतो. "काही चुकलं असेल तर माफ करा." हे तर निवडणुकीतलं. दर वळणाला एक वाक्य टाकून देत देत माथ्यावर पोचेपर्यंत एकच उरलं : मी चूक केली. कर्ता, कर्म, क्रियापद. एवढं म्हणायचं, तिसऱ्या खाचराचं काय झालं ते विचारायचं आणि ती सांगेल ते काम करायचं. शेण वाहायचं तर शेण. उतारावर मी ते वाक्य मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. करवंदीतून दोन पाखरं उडाली.

वळण ओलांडलं आणि धूर दिसला. तीच जागा, तोच चौकोन, नुकताच लावलेला जाळ. मला खरोखर आनंद झाला. या वर्षी राब नीट भाजला जातोय, आणि आपण वेळेवर पोचलो.

मी रस्त्याकडेला थांबलो. ब्रेक करकरला. मावशीनं मान वर केली.

तिनं मला ओळखलं असं मला वाटत नाही. तिनं हेल्मेट पाहिलं, चष्मा पाहिला, सायकल पाहिली. आणि हातातल्या डहाळीनं ती जाळ झोडपायला लागली. आपला राब, आपल्याच हातानं, दणादण. निखारे उडत होते, पाला विस्कटत होता.

"नको, नको! विझवू नका!" मी ओरडलो.

माझा आवाज पन्नास पोरांचा वर्ग गप्प करायला घडलेला आहे. तिला शब्द कळलेच नाहीत, तेवढा आवाज पोचला. ती आणखी जोरानं झोडपायला लागली. अनवाणी पायानं कडा तुडवायला लागली. "विझवते, साहेब. विझवलं, विझवलं. फोटो नका काढू." आणि मग डहाळी काखेत धरून तिनं मला हात जोडले.

माझी आई असती तर त्या वयाची असती.

खालच्या बांधावरून तिची सून धावत आली. पाटी टाकून ती आमच्या मधे उभी राहिली. मी हेल्मेट काढलं, चष्मा काढला. म्हणालो, "मी काही ऑफिसातला माणूस नाही. मागच्या साली पाणी ओतलं, तो मी. मी..." आणि घाटभर घोटलेलं तीन शब्दांचं वाक्य मला आठवेना. खोटं वाटेल, पण आठवेना.

"ठाऊक हाय," सून म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तो व्हिडिओ हिकडं समद्यांनी पाह्यला. वनखात्याचा माणूसबी येऊन इचारून गेला. माझ्या लेकीला शाळेत पोरी म्हणत्यात, जंगल जाळणारीची नात. तवापासून सायकली दिसल्या का सासू अशीच करती."

मी म्हणालो, "मी काय करू, सांगा. पाला गोळा करून देतो. विस्तवापाशी उभा राहतो. काहीही सांगा."

तिनं आभाळाकडे पाहिलं, मग ऐनाच्या शेंड्यांकडे. "तुम्ही जा, भाऊ."

"अहो, पण..."

"तुम्ही हितं उभे हाये तवर ती काय पेटवायची नाय. आत्ता वारा बरा हाय. दुपारी फिरंल, मग जाळ झाडांकडं जाईल, आन् आज नाय भाजला तर पाला इस्कटलाय समदा. जा तुम्ही. लवकर जा."

मी सायकल वळवली. रस्त्यावर आलो, थोडं चाललो आणि राहवेना म्हणून मागे पाहिलं. मावशी विझलेल्या चौकोनाच्या कडेला तशीच उभी होती, माझ्याकडे तोंड करून. सून तिच्या शेजारी. दोघींपैकी कोणी वाकत नव्हतं. मी थांबलो होतो म्हणून त्या थांबल्या होत्या. मी सायकलवर बसलो आणि पुढचं वळण येईपर्यंत, त्यांच्या नजरेआड होईपर्यंत, जीव खाऊन पायडल मारत राहिलो.